भोपळ्याच्या फोडी पचपचीत, गुळाचा पाक करपलेला: दर थंडीतली तीच तक्रार

लाल भोपळ्याच्या फोडी केल्या. गूळ, दालचिनी, सुंठ, जरा तिखट, तेल, मीठ, सगळं एकत्र कालवून ट्रे ओव्हनमध्ये ठेवला. पाऊण तासानं काढला तर फोडी उकडल्यासारख्या, बोट लावलं की खचणाऱ्या, आणि पाक मात्र ट्रेच्या कडांना काळाकुट्ट होऊन बसलेला. परभणीची माझी धाकटी जाऊ दर वेळी फोटो पाठवते आणि खाली लिहिते, "अक्का, पुन्हा पाणीच सुटायलंय. गूळ कमी घालू का?"

गूळ कमी घालून हे सुटत नाही. मी स्वतः दोन हिवाळे तेच करून बघितलं. फोडी तितक्याच ओल्या राहिल्या, वर अळणी झाल्या. मग ओव्हन वाढवून बघितला, तेव्हा पाक आणखी लवकर जळला. चूक गुळाच्या मापात नव्हती, तो कधी घालायचा त्यात होती. पण ते कळायला आधी भोपळ्यातल्या पाण्याचा हिशेब मांडावा लागला.

ही कृती मुळात परदेशातल्या बटरनट भोपळ्याची. त्यात मेपल सिरप वगैरे असतं. आपण मेपलच्या जागी गूळ घेतो आणि बटरनटच्या जागी काशीफळ. (आमच्या लातूरकडं कुणी काशीफळ म्हणतं, कुणी डांगर. विदर्भातल्या पाहुण्यांना हेच 'कोहळं', त्यामुळं फोनवर कृती सांगताना एकदा पांढऱ्या कोहळ्याचा ट्रे भाजून झाला होता. तो विषय नको.) बटरनटमध्ये साधारण ८६ टक्के पाणी असतं, लाल भोपळ्यात ९१-९२. पाच-सहा टक्क्यांनी काय होतंय, असं वाटेल. पण उलट बाजूनं बघा: तिकडं शंभर ग्रॅममध्ये १४ ग्रॅम ऐवज, इकडं ८-९ ग्रॅम. तिकडची कृती जशीच्या तशी उचलली की आपली फोड पाण्यातच शिजणार.

आणि फोडीचा वरचा थर ओला आहे तोवर तिथला ताप शंभर अंशांच्या पुढं जात नाही, मग बटण २०० वर असो की २३० वर. शंभराला भोपळा शिजतो, भाजत नाही. खरपूस व्हायचं तर वरची ओल आधी उडाली पाहिजे. ट्रेवर ओघळलेल्या पाकाचं नेमकं उलटं होतं. त्याचा थर पातळ, पाणी थोडं, ते पाच-सात मिनिटांत उडतं आणि राहिलेला गूळ थेट तापल्या पत्र्यावर येतो. साखर १६० अंशांच्या आसपास करपायच्या वाटेला लागते. गुळात तर साखरेबरोबर थोडी फळसाखरही असते, तिला त्याहून कमी ताप पुरतो. म्हणून एकाच ट्रेमध्ये फोड ओली आणि पाक काळा.

वर गूळ स्वतः पाणी ओढतो. कैरीच्या फोडींना गूळ चोळून ठेवला की तासाभरात पातेल्यात रस जमतो, ते आपण दर उन्हाळ्यात बघतो. भोपळ्याला गूळ-मीठ लावून 'मुरायला' ठेवणं म्हणजे तेच. लोणच्याला चांगलं, भाजण्याला घातक.

तेव्हा जावेला दिलेलं उत्तर एवढंच: गूळ आधी लावायचाच नाही. आधी भोपळा नुसत्या तेलावर भाजून घ्यायचा, पाक शेवटच्या सहा-आठ मिनिटांत. निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात. ज्यांच्या मिटत नाहीत त्यांनी पुढचं वाचावं.

पाक शेवटी लावला, तरी फोडी मऊच

मग आधी भोपळा बघा. बाजारात कापलेली फाक घेतो आपण, पावशेर-अर्धा किलो. ती सकाळपासून ओल्या गोणपाटावर पडलेली असते, कापलेल्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं. भाजीला चालते, भाजायला नको. अख्खा लहान भोपळा घ्या, दोन-अडीच किलोचा. देठ वाळून लाकडासारखा झालेला हवा, सालीत नख रुतता कामा नये. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे. देठ हिरवा असेल तर तो अजून वेलीवरनं नुकता उतरलाय. त्यात पिठूळपणा जास्त, गोडी कमी.

माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दिवाळीनंतर उतरवलेली डांगरं माळवदाच्या घरात खोलीच्या कोपऱ्यात कडब्यावर मांडून ठेवायच्या. एकमेकांना टेकू द्यायच्या नाहीत, देठ तोडू द्यायच्या नाहीत. संक्रांतीपर्यंत त्यांतलं एक-एक निघायचं. मला तेव्हा ती नुसती काटकसर वाटायची. पण पिकलेला भोपळा असा कोरड्या जागी ठेवला की त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते आणि थोडं पाणीही उडतं. महिनाभर ठेवलेल्या डांगराला पाक निम्मा पुरतो. फ्लॅटमध्ये कडबा कुठनं आणणार; मी वर्तमानपत्रावर ठेवते, पलंगाखाली. चालतं. फ्रिजमध्ये मात्र अख्खा भोपळा ठेवू नका.

कापताना साल काढू नका. सालीमुळं फोड उभी राहते, आणि भाजल्यावर ती चमच्यानं सुटते. आतली जाळी आणि बिया मात्र चमच्यानं खरवडून पूर्ण काढा, अगदी घट्ट गर लागेपर्यंत. त्या जाळीत सगळ्यात जास्त पाणी. ती राहिली की तिथंच लगदा होतो आणि तिथंच पाक धरत नाही. फोडी दीड बोट जाडीच्या, सगळ्या सारख्या. एक पातळ, एक जाड असं झालं की पातळ करपते आणि जाड कच्चट राहते, आणि मग आपण ओव्हनला नावं ठेवतो.

एक गोष्ट न विसरता: कापल्यावर कच्च्या गराचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळा भोपळा टाकून द्या. 'गूळ घातल्यावर कळणार नाही' असं म्हणून पुढं जाऊ नका. दुधी, काकडी, भोपळा या कुळात कधीकधी जे कडू द्रव्य उतरतं ते शिजवून जात नाही, त्यानं उलट्या-जुलाब होतात, माणूस दवाखान्यात जातो. पैसे गेले तर गेले.

मीठ ट्रे आत जायच्या क्षणी लावायचं. फोडी धुतल्या असतील तर जुन्या सुती धडप्यानं कोरड्या पुसायच्या. आणि गर्दी नको! २५-३० लिटरच्या ओटीजीच्या (टेबलावरच्या विजेच्या ओव्हनच्या) ट्रेमध्ये ७०० ग्रॅमच्या वर भोपळा मावतो, पण भाजत नाही. दोन फोडींमध्ये बोट फिरलं पाहिजे. चिकटून ठेवल्या की एकीची वाफ दुसरीला लागते, आणि आपण त्याच दाराच्या काचेवर जमलेलं धुकं बघून 'छान शिजतंय' म्हणतो. ते धुकं दिसलं की दार दहा सेकंद उघडून वाफ जाऊ द्यायची. भाजण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात मी असं दोनदा करते.

ठीक भाजलं की नाही याला माझ्याकडं एकच खात्रीचं माप आहे, वजनकाटा. ७०० ग्रॅम आत गेलं तर पाक लावायच्या आधी पाव किलोच्या आसपास तरी उतरलेलं हवं. उतरलं नसेल तर पाक लावायची वेळ झालेली नाही, घड्याळ काहीही म्हणो. काटा नसेल तर कान द्या. सुरुवातीला ट्रेमधनं चरचर येते, ती पाण्याची. मग ती मंदावते, आणि शेवटी अधूनमधून नुसता एखादा तडका ऐकू येतो. त्या तडक्याला पाक तयार हवा.

बटण २०० वर, आणि तरीही

हे आमच्याकडचं खास दुखणं. जाऊ म्हणायची, "अक्का, तुमच्याकडं पस्तीस मिनिटांत होतंय, माझ्याकडं तासभर का लागायला?" ओव्हन दोघींचा एकाच मापाचा. तिचं घर गावाच्या कडेला, आणि ती हे करायची संध्याकाळी सातला, सगळ्यांच्या घरी सगळं चालू असताना. मी तिला फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा आकडा वाचायला लावला. दुपारी २२८. संध्याकाळी १९०.

व्होल्टेज १७ टक्के पडलं तर ताप १७ टक्के पडतो असं वाटतं, पण तसं नाही. ओव्हनमधल्या तापणाऱ्या कांडीचा ताप व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं पडतो. १९० भागिले नेहमीचे २३०, त्याचा वर्ग, म्हणजे ०.६८. १५०० वॅटचा ओटीजी त्या वेळी जेमतेम हजार-सव्वाहजार सोडा, हजारच्या थोडं वर, १०२० वॅटचं काम करतो. अशात बटण २०० वर फिरवलं तरी आतली हवा तिथवर पोचायलाच वेळ लागतो, आणि ओला भोपळा आत गेला की पुन्हा खाली येते. ओळखायची खूण सोपी आहे: ओव्हन पुरेसा तापला की कांडी लाल व्हायची थांबते, थोड्या वेळानं पुन्हा लाल होते. तुमची कांडी वीस मिनिटं सलग तांबूसच, विझायचं नावच नाही, तर तो अजून तापलेलाच नाही.

उपाय साधा. दुपारी भाजा. आणि संध्याकाळीच करायचं असेल तर रिकामा ओव्हन अर्धा तास आधी लावा, भोपळा निम्मा घ्या. स्टॅबिलायझर घ्यायचा विचार असेल तर फ्रिजचा ओव्हनला लावू नका, त्याला तेवढा भार झेपत नाही.

बटणावरचा आकडा खरा की खोटा हे बघायला साखरेची युक्ती आहे. साखर १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर कोरडी साखर घालून १७५ वर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. दाणे तसेच राहिले पाहिजेत. मग २०० वर पंधरा मिनिटं, वितळली पाहिजे. पहिल्याच वेळी वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्याहून गरम आहे, आणि तुमच्या करपण्याचं कारण तिथं. दुसऱ्या वेळीही दाणेच राहिले तर तो थंड आहे. माझा वीस अंशांनी मागं निघाला. आता मी २२० वर लावते आणि कुणाला २०० सांगते.

तेलाचं थोडक्यात. घाण्याचं करडईचं तेल आपल्या भागाची शान आहे, चटणीवर घ्या, भाकरीवर घ्या, पण ओव्हनमध्ये ते लवकर धुरावतं आणि फोडींना कडसर वास बसतो. त्याच करडईचं रिफाइंड तेल मात्र सगळ्यात उशिरा धुरावणाऱ्या तेलांमध्ये मोडतं. ७०० ग्रॅमला दीड मोठा चमचा पुरतं. जास्त झालं तर नंतर पाक फोडीवरनं घसरतो. ट्रेवर कागद घालायचाच तर ओव्हनचा बेकिंग पेपर घाला. किराणा दुकानातला मेणाचा बटर पेपर धूर करतो.

आता पाक

पाव वाटी किसलेला गूळ, दोन मोठे चमचे पाणी. आधी नुसता गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुऱ्हाळाचा गूळ कितीही चांगला असला तरी तळाला खडा-माती निघते, आणि भाजलेल्या फोडीत दाताखाली खडा येण्यासारखं दुसरं पाप नाही. गाळल्यावर चाखा. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ मुळातच खारट असतो, त्यात कृतीतलं पाव चमचा मीठ डोळे झाकून टाकलं की झालं. रंगाला भुलू नका. पिवळाधमक गूळ भट्टीत रसायन घालून उजळलेला असू शकतो. मी काळपट घेते, पाकाला रंगही तोच देतो.

मंद आचेवर दोन-तीन मिनिटं उकळू द्या. इथं हात आपोआप तिळगुळाच्या सवयीनं चालतो, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो. तेच करायचं नाही. गोळी झाली म्हणजे तो चिक्कीचा पाक. फोडीवर काचेसारखा टणक बसतो आणि दाताला चिकटतो. आपल्याला तार धरायच्याही जरा आधीचा हवा. चमचा बुडवून उलटा धरा, पाठीवर बोटानं रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, कडा आत धावल्या नाहीत, की उतरवा. थंड होताना तो अजून घट्ट होतो हे धरून चाला. फार घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी, बस.

उतरवल्यावर मसाले. आधी नाही. पाव चमचा दालचिनी, पाव चमचा सुंठ, चार मिऱ्यांची पूड, चिमूटभर जायफळ, पाव चमचा लाल तिखट, अर्धा चमचा तूप. दालचिनी आणि तिखट पाकात उकळले, वर ओव्हनमध्ये भाजले, तर ते दोनदा जळतात. 'पाक करपला नव्हता तरी कडू लागला' असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथंच चुकलेलं असतं. काळा मसाला, येसर घालून बघितलं का, असं मला विचारतात. बघितलं. काळा मसाला चिमूटभर चांगला लागतो. येसरात भाजलेल्या धान्याचं पीठ असतं, ते पाकात गोळा होऊन बसलं. आमटीलाच शोभतं ते.

शेवटी एक छोटा चमचा लिंबाचा रस. एक तर गोडीला धार येते, आणि आंबटामुळं साखरेचे खडे धरत नाहीत. पाक थंड झाल्यावर रवाळ होतो अशी तक्रार असेल तर लिंबू विसरलं असेल.

मधाचं आणि काकवीचं वेगळं आहे. मधात फळसाखर भरपूर, तो गुळाच्याही आधी काळवंडतो. तो ओव्हनमध्ये घालूच नका, ट्रे बाहेर काढल्यावर वरनं फिरवा. काकवी चवीला फार सुरेख, पण पातळ. तिला पाणी न घालता एकटीला आटवून मगच लावा. आणि 'नैसर्गिक गोडवा' या शब्दावर भाळून शुगर असलेल्या माणसाला दोन वाट्या देऊ नका. गुळात बहुतांश साखरच आहे.

लावायची पद्धत: ट्रे बाहेर काढा, फोडी उलटा, ब्रश नसेल तर चमच्याच्या पाठीनं फक्त फोडीच्या गरावर पाक पसरा. पत्र्यावर सांडू देऊ नका. सांडलेला थेंब आधी काळा होतो आणि त्याच्या धुराचा वास सगळ्या ट्रेला लागतो. पुन्हा आत, सहा ते आठ मिनिटं. कडांना लहान बुडबुडे आले, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले, की काढा. शेवटच्या दोन मिनिटांत वरची कांडी एकटी चालू करायची हौस असेल तर दारासमोरनं हलू नका. मी एकदा फोन घ्यायला गेले होते.

ओव्हन नसला तर लोखंडी तवा. फोडी पातळ, बोटभर जाडीच्या. आधी सहा-सात मिनिटं झाकून मंद, मग झाकण काढून दोन्ही बाजू डाग पडेपर्यंत, आणि गॅस बंद करून पाक. तव्याच्या उरलेल्या तापातच तो चिकटतो. खरं सांगायचं तर मला तव्याचीच चव जास्त आवडते, पण पाहुण्यांना ट्रे दाखवायचा असतो.

घरी झकास, शेतात पचपचीत

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, मी हे स्टीलच्या डब्यात भरून शेतात नेलं होतं. भज्जी, आंबील, उंडे, सगळं जिथल्या तिथं. डबा उघडला तर फोडींना घाम फुटलेला, पाक खाली तळाला जमलेला. पुतण्या म्हणाला, "काकू, ही भाजीच हाय की." गरम फोडी झाकल्या की वाफ झाकणाला लागून परत खाली टपकते, आणि गुळाचा थर ते पाणी लगेच ओढून घेतो. आता मी फोडी जाळीवर पूर्ण निवू देते, डब्यात कागद घालते आणि पाक वेगळ्या बाटलीत नेते. शेतात आर असतोच. तव्यावर फोडी चरचर गरम करायच्या आणि तिथंच पाक.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या फोडी पुन्हा खरपूस होत नाहीत. ओव्हनमध्ये घालून बघू नका, पाक जळेल आणि आत गार राहील. साल सोडवून गर कुस्करा, मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ, चिमूट मीठ घालून घट्ट मळा आणि घाऱ्या तळा. गूळ-सुंठ आधीच मुरलेलं असतं. पाणी एक थेंब घालायचं नाही, भोपळ्याचं पुरतं.